दोनशे पानी वही

शमीमसाठी मी वही केली. दोनशे पानी,
बोटीने पलीकडे जाऊन दाभोळातून आणलेली.
पहिल्या पानावर नाव: कल्पेश. वय: तेहतीस.
पुढचं दोन दिवस सुचलं नाही.

मग लिहिलं,
शर्टाच्या कॉलरमागचं लेबल कापून टाकणे.
भाताला सार लागू नये, सार वाटीतच.
बांगड्याचे काटे मीच काढून ठेवते,
एक जरी राहिला तरी आठवडाभर मासा बंद.
"काय झालं?" असं विचारू नये.
त्याला सांगता येत नाही, आणि येत नाही हे त्याला कळतं.
फेरीबोटीचा भोंगा झाला की कान झाकतो. झाकू दे.
मिक्सर लावायचा नाही. कधीच नाही.

तेहतीस वर्षांचा माणूस
अडीच पानांत आटपला.

मंगळवारी आणि शुक्रवारी, दहाच्या बोटीने ती येते,
धोपाव्याच्या धक्क्यावरून चढण चढत, उन्हाची छत्री घेऊन.
पहिल्या दिवशी तो तिच्याशी नाही, छत्रीशी बोलला.
उघड, मीट. उघड, मीट.
ती उंबऱ्यावर उभी राहिली, त्याचं होईस्तोवर.

शेजारीण म्हणाली, पोटचा पोरगा, आणि पैसे देऊन बाई?
मी म्हटलं, होय.
घशात बरंच होतं, तेवढंच वर आलं.

"चार तास आहेत," शमीम म्हणाली, "जा की कुठेतरी."
कुठे?
पहिल्यांदा परसात माडाखाली बसून राहिले,
घराकडे कान लावून.
मग एकदा दळण घेऊन गेले, आणि पीठ मिळाल्यावरही
गिरणीतल्या बाकावरून उठले नाही.
नंतर धक्क्यावर. बायका कोळंबी सोलत होत्या,
मी त्यांच्यात बसले, हात आपोआप चालू लागले.
कुणीतरी विचारलं, आज एकटीच गो?
इकडे तिकडे पाहिलं मी,
हा प्रश्न मलाच आहे का ते बघायला.

वही संध्याकाळी वाचते.
शमीम उर्दू शाळेत शिकलेली, मराठी अक्षर मोठं, जपून काढलेलं.
"आज आंघोळ त्याची त्याने केली. पाठ राहिली. राहू दिली."
"भरती किती वाजता, विचारलं. कॅलेंडर न बघता बरोबर सांगितली."
"आज माझा हात ओरबाडला. चूक माझी. घाई केली."
त्या दिवशी मी हळद घेऊन धावले होते तिच्याकडे,
तिने बाही आधीच खाली ओढली होती.

आणि काल,
"मिक्सर लावला. आधी सांगितलं, तीनदा.
माळ्यावर कुठे आहे ते त्यानेच दाखवलं.
बटणही त्याने दाबलं. एक हात कानावर ठेवून.
वाटप बारीक झालं."

तेहतीस वर्षं मी पाट्यावर खोबरं वाटते आहे.
पावसात, तापात, सासूच्या दिवसांचा स्वयंपाक असताना,
मनगट सुजून बांगडी कापावी लागली तेव्हासुद्धा.
आणि ह्याला माहीत होतं,
खोकं कुठल्या कोपऱ्यात आहे ते.

आधी राग आला. शमीमचा, मग कल्पेशचा,
मग त्या खोक्याचा.
त्यानंतर जे आलं त्याला अजून नाव नाही.
सांगून लावायचा, एवढंच होतं?
मला कुणी सांगितलं नाही.
की मी विचारलं नाही?

वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने,
एक ओळ मी लिहून ठेवली आहे: आम्ही गेल्यावर.
पुढे काही नाही. शमीमने ते पान पाहिलं असेल,
पाहिलं नसेल. तिने काही लिहिलेलं नाही तिथे.

आज सकाळी "मिक्सर लावायचा नाही" वर रेघ मारली.
पाटा घासला, धुतला,
खळ्यात उन्हाला उभा करून ठेवला.
बरं वाटलं. जेवणाकडे वळले.

कल्पेश बाहेर गेला, बराच वेळ पाट्याकडे बघत राहिला,
मग दोन्ही हातांनी उचलून
आत आणला, ओला,
आणि ठेवला होता तिथेच,
फरशीवरच्या त्या जुन्या चौकोनी डागावर,
कड कडेला नीट लावून.